शहर फिरताना गुलाबबाग: जावं का, आणि कधी जावं?

चिमणचारा (धागाकर्ती) | १९ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या शेवटी शिमला-चंदीगडला निघालोय. मी, नवरा, कॉलेजातली लेक आणि साबा (सासूबाई). शिमल्याचं सगळं ठरलं, पण चंदीगडच्या दोन दिवसांवर घोडं अडलंय. नवऱ्याला रॉक गार्डन आणि सुखना तलाव हवा, लेकीला सेक्टर १७ मधली खरेदी. आणि साबांनी, ज्यांनी आजवरच्या एकाही सहलीत स्वतःहून काही मागितलेलं नाही, त्यांनी परवा जेवताना हळूच म्हटलं, "तिथे गुलाबाची मोठी बाग आहे म्हणे."

झालं. नवरा म्हणतो, गुलाब गॅलरीत आहे की, त्यासाठी विमानाचं तिकीट कशाला? साबा लगेच "राहू दे, राहू दे" वर आल्या. मला ते काही बरं वाटलं नाही.

तर प्रश्न असे: झाकीर हुसेन रोझ गार्डनला खरंच वेळ द्यावा का? दिला तर किती? साबा ७४ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, सपाटीवर चालतात पण चढण नको. आणि कोणी इतर शहरांत अशा बागा पाहिल्या असतील तर तेही लिहा. आमच्या घरात बहुमत मिळवायला मुद्दे कमी पडतायत.

---

बागुलबुवा | १९ जानेवारी, रात्री ११:०५

नवऱ्याच्या बाजूने एक मत. टूरबरोबर एका गुलाबबागेत गेलो होतो, मे महिन्यात, दुपारी दोन वाजता. शहराचं नाव सांगत नाही, टूरवाल्यांचंही नाही. २५ मिनिटं दिली होती, त्यातली १५ पाण्याची बाटली शोधण्यात गेली. बाकी नुसते काटे आणि पाट्या. "इथे गुलाब असतात" हे वाचून परत आलो.

---

शेवंती_ठाणे | २० जानेवारी, सकाळी ७:५०

बागुलबुवा, मे महिन्यात दुपारी दोनला तर माणूसही कोमेजतो, गुलाबाचं काय घेऊन बसलात!

चिमणचारा, आम्ही तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतच चंदीगडला होतो. नक्की जा. बाग सेक्टर १६ मध्ये आहे, जनमार्गाला लागून, आणि रस्त्यापलीकडे तुमच्या लेकीचं सेक्टर १७. म्हणजे एका रिक्षात दोन कामं. सुमारे ३० एकरांचा पसारा आहे, पण जमीन जवळजवळ सपाट, पायवाटा पक्क्या आणि बसायला बाकं. माझ्या आईने (तेव्हा ७१) दोन तास आरामात काढले. मध्ये दोनदा बसली, एकदा शेजारच्या बाकावरच्या पंजाबी आजींशी अर्धा तास गप्पा. दोघींची भाषा वेगळी, विषय एकच: सुना.

एक लक्षात ठेवा. फेब्रुवारीच्या शेवटी तिथे रोझ फेस्टिव्हल असतो, बहुतेक शुक्रवार ते रविवार. तेव्हा फुलं भरात असतात, पण गर्दी, बँड, स्पर्धा, खाऊचे ठेले, सगळंच असतं. तुमच्या तारखा त्यात येत असतील तर सकाळी लवकर जा नाहीतर आदल्या दिवशी जा.

---

खुरपं | २० जानेवारी, दुपारी १:१५

रोपवाटिकेत आयुष्य गेलं म्हणून थोडं सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर पुढे सरका.

बागुलबुवांची तक्रार खरी आहे, पण ती बागेविषयी नाही, तारखेविषयी आहे. गुलाब हा छाटणीच्या हिशेबाने फुलतो. उत्तरेकडच्या सपाटीवर साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर छाटणी होते, आपल्याकडे दसरा उलटला की. छाटल्यावर नवे फुटवे येतात आणि दीड-दोन महिन्यांत त्यांच्या टोकांना कळ्या. म्हणजे डिसेंबरात पहिला बहर. मग कडक थंडीत झाड जरा दमतं, आणि फेब्रुवारीत ऊन कोवळं असतानाच मोठा बहर येतो. एप्रिलमध्ये ऊन तापलं की फूल लहान होतं, पाकळ्यांच्या कडा करपतात. मे महिन्यात झाड फक्त जीव धरून असतं. चिमणचारा, तुमची तारीख कोणी मुद्दाम काढून दिली असती तरी याहून चांगली निघाली नसती.

युरोप-अमेरिकेत गणित उलटं. तिथे हिवाळ्यात झाड झोपतं, थंडी सरता सरता छाटतात आणि जून हा गुलाबाचा महिना. ऊटीचं तिसरंच. उंची २२०० मीटरच्या आसपास, त्यामुळे आपण मे महिन्यात घामाघूम असताना तिथे गुलाब खुशीत असतो.

दुसरी गोष्ट, वेळ. सुगंध म्हणजे पाकळीतली तेलं, ऊन चढलं की ती उडायला लागतात. अत्तरासाठी फुलं पहाटे तोडतात ती याचसाठी. सकाळी आठ-नऊला जा. दहानंतर बाग फोटोत तशीच दिसते, पण नाकाला अर्धीच मिळते.

तिसरी गोष्ट, चंदीगडच्या बागेमागचा माणूस. बाग १९६७ ची, डॉ. मोहिंदर सिंग रंधावा यांच्या पुढाकाराने झालेली. ते चंदीगडचे पहिले मुख्य आयुक्त, सनदी अधिकारी, पण मुळात वनस्पतिशास्त्रज्ञ. वास्तुविशारद कॉर्बुझिएने रस्ते आणि इमारती आखल्या, पण कोणत्या रस्त्याला कोणतं फुलझाड, याचा ध्यास रंधावांचा. त्याच वर्षी झाकीर हुसेन राष्ट्रपती झाले आणि त्यांना गुलाबांचं अतोनात वेड, म्हणून बागेला त्यांचं नाव. नेत्याचं नाव दिलेल्या बागा आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्याचं नाव दिलं त्याला त्या झाडातलं कळत होतं, अशा थोड्या.

---

बागुलबुवा | २० जानेवारी, दुपारी १:४०

खुरपं, शब्द मागे घेतो. पण पाण्याच्या बाटलीचं दुःख कायम आहे.

---

हिलसबोरकर | २१ जानेवारी, सकाळी ९:३०

आमच्या अमेरिकेतल्या पोर्टलंडचं लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथे चिप कंपन्यांमुळे मराठी माणसं बरीच, आणि उन्हाळ्यात कोणाचे ना कोणाचे आईबाबा आलेले असतातच. त्यांना घेऊन जायची आमची ठरलेली जागा म्हणजे वॉशिंग्टन पार्कमधली इंटरनॅशनल रोझ टेस्ट गार्डन. फुकट आहे, हे वडीलधाऱ्यांना आधी सांगायचं, मग ते निवांत होतात.

बाग १९१७ ची. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि युरोपातल्या गुलाबांच्या जाती बॉम्बखाली नष्ट होतील अशी भीती होती. जेसी करी नावाच्या इथल्या गुलाबवेड्या गृहस्थाने सुचवलं की त्या इकडे आणून जपू. म्हणजे ही गुलाबांची छावणीच म्हणा. आज १० हजारांच्या आसपास झाडं आहेत, सहाशेहून अधिक जातींची. उतारावर टप्प्याटप्प्याने वाफे, आणि आभाळ मोकळं असेल तर मागे माउंट हूडचं पांढरं टोक.

"टेस्ट" हा शब्द नुसता नावाला नाही. चाचणीच्या वाफ्यांत झाडांना नावं नसतात, नुसते आकडे. कोणी लावलं, काय नाव ठेवणार, काही कळत नाही. माझ्या बाबांनी (निवृत्त मुख्याध्यापक) ते पाहून म्हटलं, "परीक्षा क्रमांक!" आणि मग पाऊण तास प्रत्येक क्रमांकाला गुण देत फिरले.

जायचं तर मॅक्स रेल्वेने जा. वॉशिंग्टन पार्कचं स्टेशन जमिनीखाली २६० फूट आहे, लिफ्टने वर यायचं, तिथून बस. जूनचा पहिला पंधरवडा सर्वांत छान. मात्र बागेत उतार आणि पायऱ्या आहेत, गुडघेवाल्यांनी वरच्या कठड्याजवळ बसून बघावं. तिथूनही पुष्कळ दिसतं.

---

काटेकोरांटी | २१ जानेवारी, दुपारी ३:२०

रोम! कोणी रोमचं लिहीलच म्हणून थांबले होते.

आम्ही दोघी मैत्रिणी मे महिन्यात पाच दिवस रोमला होतो. तिसऱ्या दिवशी भग्नावशेष आणि चर्च बघून बघून डोळे दमले होते. सर्कस मॅक्सिमसच्या मेट्रो स्टेशनवरून वर आलो, आणि समोर अॅव्हेंटाइन टेकडीच्या उतारावर ही बाग: रोझेतो कोमुनाले. तिकीट नाही. उघडी असते ती फक्त वसंतात, बहुतेक २१ एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत. २१ एप्रिल हा रोम शहराचा वाढदिवस मानतात. सुमारे अकराशे जाती.

पण मला ती लक्षात राहिली ती गुलाबांमुळे नाही. त्या जागी शेकडो वर्षं ज्यूंचं दफनस्थान होतं. १९३४ मध्ये ते तिथून हलवलं. शहराची गुलाबबाग तेव्हा कोले ओपियो टेकडीवर होती, ती महायुद्धात उद्ध्वस्त झाली. १९५० मध्ये नवी बाग या जागी करायचं ठरलं तेव्हा ज्यू समाजाची संमती घेतली गेली, आणि त्यांचा मान म्हणून वाटा मेनोराच्या आकारात आखल्या, म्हणजे ज्यूंची सात फांद्यांची दीपमाळ. प्रवेशापाशी त्यांच्या धर्माज्ञांची खूण असलेली शिळा आहे. चालताना आकार कळत नाही. वरच्या रस्त्यावर येऊन खाली बघितलं की मग वाटा फांद्यांसारख्या फुटलेल्या दिसतात.

मी तिथे एका बाकावर बसून संत्रं खाल्लं आणि बराच वेळ काही बोलले नाही. मैत्रीण घाबरली, मी इतकी गप्प कधी नसते.

---

शेवंती_ठाणे | २१ जानेवारी, दुपारी ४:००

काटेकोरांटी, सुंदर लिहिलंयस. आणि तुझ्या आयडीला या धाग्यावर बोलायचा पहिला हक्क होता.

---

ट्यूबमधला_तात्या | २२ जानेवारी, पहाटे २:१०

लंडनकर हजर. रीजंट्स पार्कमधली क्वीन मेरीज गार्डन्स. १२ हजार गुलाब, ८५ वाफे असे की एका वाफ्यात एकच जात. त्यामुळे एका रंगाचा सबंध गालिचा दिसतो आणि नावही पाठ होतं. फुकट. जूनचे पहिले दोन आठवडे. बेकर स्ट्रीटला शेरलॉक होम्सच्या घराबाहेर रांगेत एक जण उभा करा आणि बाकीच्यांनी गुलाब बघून या, पाच-दहा मिनिटांवर आहे.

---

रानवारा | २२ जानेवारी, सकाळी ११:००

सगळे बहराचं लिहितायत, मी बिनबहराचं लिहितो. व्हिएन्नाला कामासाठी डिसेंबरात गेलो होतो. राजवाड्याला लागून फोक्सगार्टन आहे, गुलाबांसाठी नावाजलेली. गेलो तर काय, ओळीने उभी गोणपाटं! उंच खोडाच्या गुलाबांना थंडी लागू नये म्हणून प्रत्येकाला गोणपाटाची टोपी घालून सुतळीने बांधलेलं. संध्याकाळच्या धुक्यात वारकऱ्यांनी घोंगड्या पांघरून रांग लावावी तसं दिसत होतं.

झाडांशी छोट्या पाट्या असतात. तिथे पैसे भरून एखादा गुलाब काही वर्षांसाठी दत्तक घेता येतो आणि आपला मजकूर लावता येतो. कोणाच्या लग्नाचा वाढदिवस, कोणाची गेलेली आई. जर्मन येत नसल्याने नावं आणि तारखाच वाचल्या. फूल एकही नव्हतं, तरी तासभर रमलो. तेव्हा बागुलबुवा, नुसत्या पाट्यांनाही नावं ठेवू नका.

---

चिमणचारा | २२ जानेवारी, रात्री ९:३०

अरे काय सुंदर लिहिताय सगळे! साबांना वाचून दाखवतेय. रोमचं वाचल्यावर त्या म्हणाल्या, "बघ, जागेला स्मरण असतं." वारकऱ्यांच्या घोंगड्यांवर खूप हसल्या.

नवरा "बरं, एक तास" वर आलाय.

साबांचा एक प्रश्न खुरपं यांना: मोठ्या बागांतल्या गुलाबांना वास असतो का? त्यांच्या माहेरी, वाईजवळ, परसात गावठी गुलाब होता, ज्याचा गुलकंद करायचे. त्या म्हणतात, हल्ली फुलवाल्याकडचा गुलाब कागदासारखा.

---

खुरपं | २३ जानेवारी, सकाळी ८:२०

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, प्रश्न अगदी मुळावरचा आहे.

फुलवाल्याकडचा गुलाब वेगळ्या कामासाठी घडवलेला. आमच्या मावळातल्या पॉलिहाऊसमधून १४ फेब्रुवारीसाठी फुलं परदेशी जातात. त्यात बघतात काय, तर दांडा लांब, कळी घट्ट, आणि खोक्यात बसून प्रवास सोसण्याची ताकद. निवड करताना वास कोणी विचारातच घेतला नाही, म्हणून तो हळूहळू गळाला. सार्वजनिक बागांत मात्र सगळी खिचडी असते. हायब्रिड टी म्हणजे एका दांड्यावर एक मोठं फूल, फ्लोरिबंडा म्हणजे घोस, शिवाय वेली, मिनिएचर, जुने वाण. त्यांत वासाचे, बिनवासाचे दोन्ही मिळतील. ढोबळ खूण सांगतो, दर वेळी खरी ठरेल असं नाही: गडद लाल आणि गडद गुलाबी, मखमली पाकळीचं फूल आधी हुंगावं.

पाट्या वाचत चाला. आपल्याकडचे वाण भेटतात तेव्हा मजा येते. दिल्लीच्या पुसा कृषी संशोधन संस्थेत डॉ. बी. पी. पाल होते. गव्हावरच्या तांबेरा रोगाशी झगडणारे शास्त्रज्ञ, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक, आणि उरलेल्या वेळात गुलाबांचे संकर करणारे. 'डॉ. होमी भाभा' नावाचा पांढरा गुलाब त्यांचाच, १९६८ चा. 'दिल्ली प्रिन्सेस'ही त्यांचा.

आणि पिवळा, कडांना गुलाबी झाक असलेला मोठा गुलाब दिसला, पाटीवर 'पीस' असेल, तर दोन मिनिटं थांबा. गुलाबांचे वाण घडवणाऱ्या फ्रान्सच्या मेयां घराण्याचं हे झाड, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर त्याचे डोळे देशाबाहेर धाडले गेले. (डोळा म्हणजे कलमासाठी काढतात तो फांदीवरचा अंकुर, गैरसमज नको.) २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकेत त्याचं 'पीस' असं बारसं झालं, आणि संयुक्त राष्ट्रांच्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत प्रत्येक शिष्टमंडळाच्या प्रमुखाला एकेक फूल दिलं गेलं. गंमत अशी की फ्रान्समध्ये तेच झाड 'मादाम ए. मेयां', इटलीत 'जोया' आणि जर्मनीत 'ग्लोरिया दाय'. काटेकोरांटी, तुम्ही रोमला बहुधा त्याला भेटला असाल, ओळख पटली नसेल.

एक सूचना मात्र. गुलकंदाच्या मोहाने बागेतल्या पाकळ्या, खाली पडलेल्यासुद्धा, गोळा करू देऊ नका. भुरी आणि काळे ठिपके हे रोग येऊ नयेत म्हणून शोभेच्या गुलाबांवर औषधं फवारतात. गुलकंद घरच्या, बिनफवाऱ्याच्या फुलांचाच.

---

दिल्लीवाली_मावशी | २३ जानेवारी, सकाळी १०:४५

दिल्लीमार्गे जाणार असाल तर राष्ट्रपती भवनाची बाग फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडी असते. पूर्वीचं मुघल गार्डन, २०२३ पासून अमृत उद्यान. तिकीट नाही, पण ऑनलाइन वेळ आधी घेतलेली बरी, आणि सोमवारी बंद. तिथेही गुलाबांचे वाफे आहेत, मदर तेरेसांपासून अर्जुन-भीमापर्यंत नावं. चालणं मात्र भरपूर आणि मागून रांग पुढे ढकलत असते. ७४ वर्षांच्या बाईंना चंदीगडच बरं, तिथे कोणी घाई करत नाही.

चाणक्यपुरीत शांतिपथाला लागून नॅशनल रोझ गार्डनही आहे. दिल्लीकरांनाच ठाऊक नसतं.

---

बागुलबुवा | २३ जानेवारी, सकाळी ११:१०

ऊटीचं कोणीच नीट लिहीत नाही. मे महिन्यात मुलांना घेऊन कूर्ग-ऊटी ठरतंय. तिथे तरी फुलं दिसतील ना?

---

शेवंती_ठाणे | २३ जानेवारी, दुपारी १२:३०

दिसतील! ऊटीची सरकारी गुलाबबाग १९९५ ची, तिथल्या पुष्पप्रदर्शनाला शंभर वर्षं झाली म्हणून केलेली. एल्क हिलच्या उतारावर पाच टप्पे. २००६ मध्ये जागतिक गुलाब संघटनेने तिला दक्षिण आशियासाठीचा उत्कृष्ट बागेचा पुरस्कार दिला. पायऱ्या-उतार आहेत, मुलं पळतील, तुम्ही दमाल. पाण्याची बाटली आधी घ्या.

---

चिमणचारा | ९ मार्च, रात्री १०:१५

परत आलो! वृत्तान्त लिहायचं कबूल केलं होतं म्हणून.

फेस्टिव्हलच्या आदल्या दिवशी सकाळी सव्वाआठला बागेत पोचलो. हवेत गारवा, साबांनी शाल घेतलेली. मांडवाचे बांबू ठोकणं चालू होतं आणि माळी काका पाण्याचा पाइप ओढत नेत होते, बाकी फिरायला आलेले आजी-आजोबा. ताटवे इतके भरलेले की पहिली दहा मिनिटं आम्ही कोणीच काही बोललो नाही. लेकीने फोन बाहेर काढला आणि चक्क परत ठेवला. (पाच मिनिटांनी पुन्हा काढला.)

साबांनी मात्र बाग बघितली नाही, हुंगली. हिलसबोरकरांच्या बाबांचं ऐकलं होतं ना, तर यांनीही गुण द्यायला सुरुवात केली. पर्समधल्या हिशेबाच्या छोट्या वहीत! "हा मोठा, लाल, वास शून्य." "हा फिकट, वास बरा, पण वेलदोड्यासारखा." एका गडद गुलाबीपाशी थांबल्या, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "हा वाईचा." पाटीवरचं नाव काहीतरी परदेशी होतं, त्यांनी ते लिहूनही घेतलं नाही. वहीत नुसतं "वाई, ९ गुण" लिहिलंय. दहा का नाहीत विचारलं तर म्हणाल्या, "आमच्याकडे त्याच्यावर मधमाश्या जास्त असायच्या."

एका तासाचे अडीच झाले. नवरा मधेच गायब झाला म्हणून शोधलं, तर माळी काकांशी हिंदीत बोलत उभा. गॅलरीतल्या आमच्या गुलाबाला दोन वर्षं फूल का नाही, याची चौकशी. आता घरी आल्यापासून रोज कात्री घेऊन गॅलरीत घिरट्या घालतोय.

'पीस' सापडला नाही. सुखना तलाव संध्याकाळी उरकला. रॉक गार्डन मस्तच, पण त्यावर वेगळा धागा आहे.

खुरपं, साबांकडून आणि त्यांच्या मुलाकडून प्रश्न: कुंडीतल्या गुलाबाची आत्ता छाटणी करावी का? खालून एक भलताच जोमदार फुटवा आलाय, सात-सात पानांचा. तो ठेवायचा ना?

---

खुरपं | १० मार्च, सकाळी ७:४०

कात्री त्यांच्या हातून काढून घ्या. ऊन तापतंय, आता छाटणी नको, ती दसऱ्यानंतर. सध्या नुसती सुकलेली फुलं आणि वाळक्या काड्या काढा, दुपारच्या उन्हात आडोसा द्या.

तो जोमदार फुटवा डोळा भरलेल्या जागेच्या खालून आला असेल तर तो तुमच्या गुलाबाचा नाही, खुंटाचा आहे, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या वेगळ्या झाडाचा. सगळं खत-पाणी तोच खातो, म्हणूनच दोन वर्षं फूल नाही. पण पानांच्या संख्येवर जाऊ नका, आधी तो निघालाय कुठून ते बघा. माती उकरून त्याच्या मुळापासून हाताने ओढून काढायचा, वरून कापायचा नाही, कापला तर पुन्हा येतो.

फोटो टाका, मग नक्की सांगतो.

---

चिमणचारा | १० मार्च, सकाळी ८:०५

नवऱ्याने काल रात्रीच बाकीचं झाड कापून तो एकच ठेवला होता.